केळीचा माणूस

सरांच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायचा तर आधी दुधाने हात धुवावे लागत. दूध म्हणजे पाण्यात कालवलेली दुधाची पावडर. दाराशी एका निळ्या बादलीत ती ठेवलेली असे. तंबाखू मळणाऱ्याच्या बोटांना तंबाखूवरच्या रोगाचा विषाणू चिकटलेला असतो, तीच बोटं झाडाला लागली की रोग झाडात उतरतो, आणि दुधाने तो निकामी होतो, असं सर प्रत्येकाला समजावून सांगत. ते शास्त्राला धरूनच होतं. पण आमच्या खानदेशात तंबाखू न मळणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. त्यामुळे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे हात त्या बादलीत बुडत, आणि आसपासच्या गावांत सरांचं नाव पडलं होतं, 'दूधवाले साहेब'.

एकदा पुण्याहून तपासणीला आलेल्या बड्या अधिकाऱ्यालाही त्यांनी बादली दाखवली.

"मी तंबाखू खात नाही," अधिकारी म्हणाले.

"हे मी ऐकलं. पाहिलेलं नाही," सर म्हणाले.

अधिकारी दारातूनच परत फिरले. काचघराच्या फुटक्या काचा बदलायची मंजुरी पुढे कधीच आली नाही. सरांनी त्या जागी स्वतः शिडीवर चढून प्लास्टिक ठोकलं.

'पाहिलं की ऐकलं?' हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कुणी काहीही सांगितलं तरी आधी तो यायचा. आमच्या स्टोअरकीपरची आई वारली तेव्हा शिपाई धावत सांगायला आला. सरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता विचारलं, "पाहिलं की ऐकलं?"

"ऐकलं, सर."

"मग 'वारली म्हणतात' असं सांग."

तो बिचारा तसंच्या तसं सांगत सगळ्या कचेरीत फिरला. संध्याकाळी अंत्ययात्रेला मात्र सर सगळ्यांच्या आधी हजर होते आणि स्मशानातून सगळ्यांच्या शेवटी निघाले.

मी जळगावजवळच्या त्या केळी संशोधन केंद्रात त्यांच्या हाताखाली लागले त्याला आता वीसेक वर्षं झाली. नुकतीच एम. एस्सी. झाले होते. नोकरी कंत्राटी, दर सहा महिन्यांनी नवा कागद यायचा. सर उंच आणि पाठीत थोडे वाकलेले होते. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं भिंग, पँटच्या दोन्ही मोऱ्या मोज्यांत खोचलेल्या. जन्म धुळ्याकडचा, नोकरी सगळी केळीत, पण केळं कधी खात नसत. कुणी पुढे केलंच तर म्हणत, "डॉक्टर रुग्ण खातो का?"

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. माहेर पिंपळनेरचं. घरात दोघं अहिराणीत बोलत. काकू हसतमुख होत्या, आल्या-गेल्याला सांगत, "यासनं बठ्ठं आयुष्य केळीमा गयं, पन घरमा एक केळं नही." मूलबाळ नव्हतं. घरात होती ती पुस्तकं. विषाणूशास्त्रावरचे इंग्रजी ग्रंथ, विटांसारखे जाड, बियाण्यांच्या कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातलेले. काकू त्यांच्यावरची धूळ रोज पुसायच्या. एकही पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं, पण कुठलं कुठे आहे ते सरांपेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असे.

केळीवर एक रोग येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे उठतात, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, झाड जातं. विषाणूचा रोग, मावा नावाची बारीक कीड तो झाडाझाडाला पोचवते, औषध नाही. झाड उपटायचं आणि पुरून टाकायचं, एवढाच उपाय. सरांचं सगळं आयुष्य या हरण्याच्या मागे गेलं. बागेत नुसतं शिरलं तरी ते सांगत, कुठलं झाड लागलेलं आहे आणि कुठलं लागणार आहे. शेतकऱ्यांचा त्यांच्यावर भरवसा होता, कारण ते गुळमुळीत बोलत नसत. उपटा म्हणजे उपटा.

ते सगळं सावद्याला मोडलं.

सावद्याचे एक आबा होते. साठीचे, दोन हजार झाडांची बाग, निसवणीला आलेली, म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात. ऐन श्रावणात पानांवर पट्टे दिसायला लागले तसे ते केंद्रात आले. सर त्या आठवड्यात तापाने पडलेले, म्हणून पानांचे नमुने आणायला मला पाठवलं. बारा ठिकाणची बारा पानं आणायची होती. मी ती आणली. चाचणी सरांनी स्वतः केली. बाराच्या बारा पानांत विषाणू निघाला.

"बाराच्या बारा?" सर स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "बागेत तिरपी चालत गेलीस ना? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत?"

"हो, सर."

"झाडं पाहिलीस?"

"पाहिली."

अंगात ताप असतानाच ते जीपने सावद्याला गेले. मी बरोबर होते. बाग सगळीकडे पिवळी दिसत होती. सरांनी दहा-पंधरा पानं भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "आबा, सगळी उपटायला लागेल. आठ दिवसांत. नाहीतर शिवारातल्या सगळ्या बागा जातील."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही म्हनता तं उपटतो, साहेब. पन मले एक सांगा, नक्की हाये ना?"

"नक्की," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

बाग उपटली. खड्डे काढून पुरली. फक्त घरामागची चाळीसेक झाडं तेवढी राहिली, कारण आबांची म्हातारी आई त्यांच्यापुढे आडवी बसली, कुणाला कोयता लावू देईना. तीन महिन्यांनी त्याच चाळीस झाडांना मांडीएवढे घड लटकले. पानं हिरवीगार. आबांनी निरोप पाठवला. सरांनी त्या प्रत्येक झाडाचं पान तपासलं. एकातही विषाणू नव्हता. मातीत जस्त कमी होतं, त्याने पानं पिवळी पडली होती. आबांनी मधल्या काळात घरामागे शेणखत आणि जस्त टाकलं होतं, एवढीच काय ती दवा.

केंद्रातल्या सगळ्यांनी सरांना सांगितलं, गप्प बसा, कागदोपत्री सगळं बरोबर आहे, चाचणीचा निकाल फाइलला लागलेला आहे. सर गप्प बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप काढून सावद्याला गेले, मलाही बरोबर नेलं. ओट्यावर बसून त्यांनी आबांना सगळं सांगितलं. रोग नव्हता. असलाच तर पाच-दहा झाडांना असेल. चूक माझी आहे.

आबा बराच वेळ समोरच्या मोकळ्या रानाकडे पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, हे सांगाले कायले आले तुम्ही? रोग होता, गेला, असं धरून चाललो होतो मी. आता रोज बाग दिसन मले."

त्यांच्या सुनेने चहा आणला होता. सरांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. "मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी चुकलो."

त्यानंतरचा माणूस वेगळा होता. अहवालात 'संभवनीय' हा शब्द आला, मग प्रत्येक ओळीत आला. शेतकरी पान घेऊन यायचे, सर अर्धा तास पाहायचे आणि म्हणायचे, "सांगता येत नाही." उपटू का, साहेब? सांगता येत नाही. ठेवू का? तेही सांगता येत नाही. हळूहळू माणसं यायची थांबली. दाराशी दुधाची बादली भरलेली असायची आणि दिवसभरात तिच्यात फक्त आमचेच हात पडायचे. दोन-तीन वर्षांत त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि दोघं धुळ्याला देवपुरात जुन्या घरी राहायला गेली. मी पुढे जळगावला विद्यापीठात जीवशास्त्र विभागात लागले, कायम झाले.

दिवाळीला एकदा मी धुळ्याला जायची. सर वाचत बसलेले असायचे, हातात पेन्सिल. इतकं काय वाचता, असं मी एकदा विचारलं. "एक हिशेब लागत नाही," म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही.

कोरोना आला तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की धुळ्यात एक विषाणूंचा माणूस आहे. स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला, कॉलनीतली माणसं फाटकाशी उभी राहून विचारायला लागली. भाजी धुवायची का? वाफ घ्यायची का? लस घ्यावी का? सर सगळ्यांना एकच सांगत, "मी केळीचा माणूस. माणसांचं मला काही कळत नाही." लोकांना ती मिजास वाटली. एकजण तर तोंडावर म्हणाला, "मग एवढं शिकून केलं काय?" सर म्हणाले, "तेच."

दुसऱ्या लाटेत काकू गेल्या.

मला फोनवर कळलं. जाता आलं नाही, रस्ते बंद होते. नंतरही मी लगेच गेले नाही, धीर झाला नाही, हे कबूल करायला हवं. सरांचाच फोन आला, तो मागच्या वर्षी. "पुस्तकं द्यायची आहेत. तुमचा विभाग घेईल का?"

आमच्या विभागप्रमुखांनी आधी तोंड वाकडं केलं. जुन्या आवृत्त्या, आता मुलं मोबाइलवर वाचतात, कपाटं कुठून आणायची. मग मूल्यांकन समिती येणार असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ग्रंथसंख्या वाढेल म्हणून ते राजी झाले. विभागाची गाडी घेऊन मी धुळ्याला गेले.

सर आणखी वाकले होते. पुस्तकं त्यांनी आधीच सुतळीने बांधून ओळीने मांडून ठेवली होती. धूळ मात्र कुणी पुसलेली नव्हती. ड्रायव्हर गठ्ठे गाडीत नेत होता, तेव्हा मी म्हणाले, "सर, विभागप्रमुख म्हणत होते, प्रत्येक पुस्तकावर चिठ्ठी लावू. काकूंच्या स्मरणार्थ."

"नको," सर म्हणाले. "तिला या पुस्तकांतलं काही मिळालं नाही."

आणि मग खुर्चीत बसून त्यांनी ते सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

काकूंच्या भाचीचं लग्न होतं पिंपळनेरला. जाण्याच्या आदल्या दिवशी पोळ्या करता करता त्यांनी सरांना विचारलं, "भाचीनं लगीन शे. जाऊ का नको? तुम्ही सांगा."

"मी काय म्हणालो, ठाऊक आहे? म्हणालो, माले काय इचारस? मी केळीना माणूस शे." मग म्हणाले, "बंद हॉल, दोनशे माणसं. काय होणार, हे कळायला माणसांचा डॉक्टर लागत नाही. मला कळत होतं. पण इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगून सांगून जिभेला सवय झाली होती. ती हसली, म्हणाली, बरं, मग जास मी. आणि गेली."

आल्यावर चौथ्या दिवशी काकूंना ताप आला. दवाखान्यात सरांना आत सोडलं नाही. काकूंना कुठे नेलं, कुणी अग्नी दिला, हेही मागाहून कळलं.

"तिचं जाणं मी पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "ऐकलं."

विभागात छोटा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, मुलांनी भरलेला हॉल. सरांनी शाल खांद्यावरून काढून घडी करून टेबलावर ठेवली. बोला म्हटलं तर उठले आणि म्हणाले, "कुणी विचारलं आणि तुम्हाला थोडंसं जरी कळत असेल, तर सांगा. चुकेल म्हणून गप्प बसू नका." एवढंच बोलून बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतकं लहान भाषण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पुस्तकांची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला गठ्ठा सोडला, एक पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सावदा १२/१२. पानांचा रस दूषित झाला?' आणि त्यावर फुली. पुढल्या प्रकरणात, 'सावदा. चाचणीच फसवी?' त्यावरही फुली. दुसऱ्या पुस्तकात, 'सावदा. मावा एकाच वेळी सगळ्या बागेत? अशक्य.' मग तिसऱ्यात, चौथ्यात. एकशे चाळीस पुस्तकं होती. सगळ्यांत नव्हे, पण निम्म्याहून अधिक पुस्तकांत कुठे ना कुठे सावदा होतं. तपासलेली, खोडलेली, पुन्हा मांडलेली कारणं. शेवटच्या गठ्ठ्यातल्या एका नव्या पुस्तकात, कापऱ्या अक्षरात, 'सावदा. अजून कळत नाही.'

बाग निरोगी होती, तर बारा ठिकाणच्या बारा पानांत विषाणू कसा, हा त्यांचा न लागणारा हिशेब होता. त्याचं उत्तर एकाही पुस्तकात नव्हतं, कारण ते माझ्याकडे होतं.

त्या दिवशी मी आबांच्या बागेत एकटी गेले होते. पाऊस भुरभुरत होता. केळीच्या बागेत दुपारीही अंधारून येतं. चिखलात पोटऱ्या रुतत होत्या. दहा-बारा पावलं गेले असेन, तोच पायाशी काहीतरी सरपटलं. साप होता की ठिबकची नळी होती, ते पाहायला मी थांबले नाही. पळत बाहेर आले. पुन्हा आत जायची हिंमत होईना. रस्त्याकडेला चार-पाच झाडं होती, त्यांच्यावरचे पट्टे अगदी ठळक होते. बाराही पानं मी त्या झाडांची तोडली, बारा पिशव्यांत भरली, आणि नोंदवहीत ओळींचे बारा वेगवेगळे आकडे लिहिले. ती चार-पाच झाडं खरोखरच रोगट होती. तेवढीच उपटायची होती.

सरांनी विचारलं तेव्हा मी 'हो' म्हणाले. सावद्याच्या ओट्यावर ते 'चूक माझी' म्हणाले तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं.

आठ दिवस मी ती पुस्तकं उघडून नुसती बसत होते. नवव्या दिवशी सकाळी गाडी काढून एकटी धुळ्याला गेले. सर अंगणात होते. मी चप्पलही न काढता उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साप, रस्त्याकडची झाडं, खोटे आकडे.

सर ऐकत राहिले. मग विचारलं, "किती झाडं?"

"चार. फार तर पाच."

"पट्टे ठळक होते?"

"हो, सर."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना तसं पाहिलं. "म्हणजे चाचणी बरोबर होती," ते म्हणाले. "रस दूषित नव्हता. काहीच बिघडलं नव्हतं. बारा पानं, चार झाडं. निघणारच ना बाराच्या बारा!" ते जवळजवळ हसले. उठून आत गेले. मला वाटतं, सवयीने पुस्तकात लिहायला गेले असावेत. कपाट रिकामं होतं. थोड्या वेळाने बाहेर आले ते हळूहळू, भिंतीला धरून.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो," सर म्हणाले. "आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो. महिनाभरही नसतो बोललो." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुन्हा वर केला. "पण तिला 'जाऊ नको' म्हटलं असतं."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी त्या मोजत होते.

"आबांना सांगितलंस?"

"आबा वारले, सर. पाच वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली. बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाले नाहीत. मीच निघाले. फाटकापर्यंत ते मागे आले आणि म्हणाले, "मुलांना नमुने आणायला पाठवशील तर बरोबर जात जा. एकटं पाठवू नको. मी तुला एकटीला पाठवायला नको होतं."

गाडी सुरू केली. पारोळा मागे पडलं तेव्हा लक्षात आलं, सगळं सांगून झालं, पण 'माझं चुकलं' हे मी म्हणालेच नाही. एरंडोलच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, त्यांचा नंबर काढला, आणि फोन परत पर्समध्ये ठेवला.

सर आहेत अजून. पंधरा दिवसांतून एकदा मी फोन करते. ते उचलतात. मुलं कुठलं पुस्तक वाचतात ते विचारतात, पाऊस किती झाला ते विचारतात. मी उत्तरं देते. मग "ठेवतो," म्हणतात, आणि ठेवतात.